आंबापोळी कोण करतं

११ एप्रिल, शुक्रवार

पत्र आलं. जिल्ह्यातल्या पाच ‘यशस्वी उद्योजिकां’मध्ये माझं नाव. ३१ मेला रत्नागिरीत सत्कार, वर दहा मिनिटं भाषण. विषयही त्यांनीच दिलाय: यशस्वी उद्योजकाचे गुण आणि त्याची समाजातील भूमिका. वाचूनच घाम फुटला. उद्योजक म्हटलं की मला सुटाबुटातला माणूस दिसतो. आम्ही आपल्या आंबे पिळणाऱ्या बायका.

शालनने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, हात रसाने बरबटलेले म्हणून मला समोर धरायला लावून. “बग गो, आता तुजे पाय काय जमिनीला लागत नाय.” कुठली साडी नेसायची तेही ठरवून मोकळी. निळी नको, त्यात तू मास्तरीण दिसतेस. पाचवीत एका बाकावर बसलो तेव्हापासून माझ्या कपड्यांना नावं ठेवण्याचा मक्ता तिचा.

म्हटलं, तूही चल, दोघी बोलू. तर म्हणे, “तू बोल. मी ताटं सांभाळतंय. एक दिवस ऊन नाय आलं तरी चालंल, मी नाय आले तर बसशील बोंबलत.”

खरंच आहे ते. आज रसाचा दुसरा थर. सड्यावर, उघड्या कातळावर, ताटं मांडून झाली, वर फडकी. सातही बायका वेळेवर. छान दिवस.

१२ एप्रिल, शनिवार

मोठी ऑर्डर! मुंबईच्या बाई गाडी करून थेट पावस गावाहून आल्या, कोणीतरी आमची आंबापोळी दिली होती म्हणे त्यांना. नातवाची मुंज, मेच्या शेवटी. पंगतीत वाढायला आणि परतभेटीच्या डब्यांत, दोन्हीला हवी. आजवर एका घरची एवढी मागणी कधी नव्हती.

बाई जरा चिकित्सक. “पोळी कोण करतं? मुंजीचं आहे हो, आमच्या सासूबाई अजून फार पाळतात. कोणाकोणाचे हात लागतात?” म्हटलं, मीच करते, घरच्याच बायका असतात. तेवढ्यात शालन ताट घेऊन आत आली. बाईंनी विचारलं, ही? म्हटलं, ही वरकामाला, भांडीबिंडी घासायला असते. बाईंचं समाधान झालं. ऑर्डर पक्की.

शालन आज चारलाच गेली. डोकं दुखत असेल उन्हाने.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी. शालन आणि तिच्या वाडीतल्या तिघी दरवर्षी आज नसतात, त्यामुळे मी, सुलभा आणि उरलेल्या दोघी. मिरवणुकीचा बेंजो इथपर्यंत ऐकू येत होता.

दरवर्षी संध्याकाळी ती लाडवांचा डबा घेऊन येते. यंदा आली नाही. गडबडीत असेल.

१५ एप्रिल, मंगळवार

शालन आली नाही. फोन उचलत नाही. चौथा थर मी दिला, तो थर द्यायचा की नाही हेही मला धड कळत नव्हतं.

दुपारी सुलभाकडे किल्ली आली. कारखान्याची दुसरी किल्ली, शालनची. सुलभा बारा वर्षं आहे आमच्याकडे, तिला निरोप सांगताना माझ्याकडे बघवत नव्हतं. “शालनबाय म्हणाली, भांडी घासायला दुसरी बाई बगा.”

किल्ली पदराला बांधून ठेवली.

१६ एप्रिल, बुधवार

काल पुढे लिहिता आलं नाही. आज लिहिते.

शनिवारचं पान वाचलं. किती मजेत लिहिलंय मी ते. उद्गारचिन्ह देऊन. ती माझ्यामागे तीन पावलांवर उभी होती, हातात ताट होतं, आणि मी तिच्याकडे बोट दाखवून ते बोलले. मग तिने ताट बाहेर नेऊन ठेवलं, फडकं नीट पसरलं, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले, हात धुतले आणि गेली. हे सगळं मी पाहिलं होतं. पाहूनही ‘डोकं दुखत असेल’ असं लिहिलं. खोटारडी मेली.

बावीस वर्षं झाली. वाऱ्याने पडलेल्या आंब्यांना कोणी विचारत नव्हतं, तेव्हा दोघींनी मिळून सुरुवात केली. आंबे माझ्या बागेतले, पोळी तिच्या हातची. तिच्या आजीची पद्धत. बोटाची पाठ थराला लावायची, चिकटलं नाही पण गार लागलं तर पुढचा थर द्यायचा. मी शंभर वेळा लावून पाहिलंय बोट, मला काही गार लागत नाही. कागदावर मात्र नाव माझं एकटीचं, कारण जागा आमची आणि तेव्हा ऑफिसातला माणूस म्हणाला एकीचंच सोपं पडेल. शालन म्हणाली होती, लिही गो तुजं, नाव चाटायचंय काय.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली घेतला. “त्यात एवढं काय? गिऱ्हाइकासमोर माणूस वेळ मारून नेतो. व्यवहार आहे.” आणि पेपर वर.

मला ह्यांचा राग आला. मग लक्षात आलं, शनिवारी मीही हाच विचार केला होता.

१८ एप्रिल, शुक्रवार

गेले तिच्याकडे. वाडीत शिरताना प्रत्येक दारातून कोणीतरी बघतंय असं वाटत होतं. बघतच होते.

शालनने खुर्ची दिली. फडक्याने पुसून दिली. “बसा काकू.”

काकू! पाचवीपासूनची विद्ये, विदू, भवाने, आणि आज काकू. चहा आला, नव्या कपातला, बशीत दोन बिस्किटं. पाहुण्याला देतात तसा. मी म्हटलं, शालन, चुकलं माझं. “नाय हो, तुमचं काय चुकलं. तुमचा धंदा हाय, कुणाला काय सांगायचं ते तुमी ठरवायचं.” म्हटलं, तुझाही आहे. तिची सून आत भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

चहा प्याले. निघाले. सडा उतरेपर्यंत धीर धरला, मग करवंदीच्या जाळीआड बसून रडले. पन्नाशी उलटलेली बाई, साडीला काटे अडकलेत, आणि हुंदके आवरत नाहीत.

२२ एप्रिल, मंगळवार

लेकीने, मृ. ने, पुण्याहून भाषणाचे मुद्दे पाठवले. तिला अजून काही सांगितलेलं नाही. पोरगी हुशार, कंपनीत लोकांना हेच शिकवते.

१) जोखीम घेण्याची तयारी. – ह्यांनी तेव्हा विरोध केला होता आणि सासूबाई तर बोलायच्याच बंद झाल्या होत्या. पण खरी जोखीम शालनची. नवरा गेलेला, पदरात मुलगा, अंगणवाडीतलं हातचं काम सोडून आली. माझं काय जाणार होतं? फार तर आंबे.

२) चिकाटी. – तिची.

३) माणसांची पारख. – पुढे.

४) सचोटी.

इथे पेन खाली ठेवलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

सहा ताटं आंबली. थर ओला असतानाच वर थर दिला. नाक लावलं तर ताडीसारखा वास. सगळं सड्याखाली नेऊन पुरलं. सुलभा म्हणाली, “शिकंल हात हळूहळू.” माझा हात बावीस वर्षांत शिकला नाही, तो आता काय शिकणार? तेव्हा गरजच नव्हती शिकण्याची. मी फोन घ्यायची, खोकी भरायची, प्रदर्शनात उभी राहून गोड बोलायची. ते मला उत्तम येतं. गोड बोलण्यातच तर माती खाल्ली.

आणखी एक. शालनच्या वाडीतल्या तिघी कामाला येतात, कामात तसूभर कमी नाही. पण सोमवारपासून तिघी घरून पाण्याच्या बाटल्या आणतात. माठातलं पाणी पीत नाहीत. जेवायलाही आमच्याबरोबर पडवीत बसत नाहीत, फणसाखाली बसतात. मी बोलवायला गेले. “आमी हितंच बऱ्या, काकू. वारा लागतो.” त्यांतली एक हसून बोलली. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

सासूबाई शालनला ओट्यापलीकडून पाणी द्यायच्या, वरून. मी भांडले होते त्यांच्याशी. तिला हाताला धरून स्वयंपाकघरात आणली होती. तेव्हा पोळीचं काम तिथेच चालायचं. ही गोष्ट मी किती लोकांना सांगितली असेल! प्रत्येक प्रदर्शनात, प्रत्येक पाहुण्याला, पुष्कळदा शालन शेजारी उभी असताना. ती तेव्हा काय करायची? आठवत नाही. मी कधी तिच्याकडे बघितलंच नसणार.

२९ एप्रिल, मंगळवार

मुंबईच्या बाईंना फोन करून खरं सांगायचं ठरवलं. पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी उचलला, इतक्या आनंदाने बोलल्या, पत्रिका छापून आल्या म्हणाल्या. आणि मी काय बोलले? “माल वेळेवर मिळेल हं, काळजी करू नका.”

लाज वाटते स्वतःची.

३ मे, शनिवार

सांगितलं एकदाचं. उभ्यानेच फोन केला, बसले असते तर पुन्हा गोड बोलले असते. म्हटलं, मी त्या दिवशी तुम्हाला खोटं सांगितलं. पोळी मी करत नाही, शालन करते. ती माझी भागीदार. बौद्ध आहे. तुम्ही जी खाऊन इथवर आलात ती तिच्याच हातची होती.

बाईंनी ‘हो का’ म्हटलं. मग, “अहो, मला तसलं काही नाही हो. पण सासूबाई आहेत ना.” म्हटलं, बरोबर, माझ्याही होत्या. तासाभराने मेसेज. इतरत्र सोय झाली आहे, क्षमस्व. खाली जोडलेले हात.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी चष्मा पुसला, खूप वेळ पुसला. मग म्हणाले, “बरं केलंस.” ह्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच.

क्षणभर हलकं वाटलं. पण मग वाटलं, यात शालनला काय मिळालं? तिला तर माहीतही नाही. आणि जाऊन सांगायचं म्हणजे ‘बघ तुझ्यासाठी मी काय केलं’ असं होणार. सांगायचं नाही. अजिबात नाही.

१२ मे, सोमवार

सांगितलं. तोंड आहे की तोटी!

आज बुद्धपौर्णिमा. विहारात कार्यक्रम आणि खीर असते. शालन बावीस वर्षं माझ्या गणपतीला येते, मोदकाच्या कळ्या पाडायला सर्वांत आधी हजर. मी तिच्या विहाराची पायरी आज पहिल्यांदा चढले. बोलावलं नव्हतं का कधी? दरवर्षी बोलवायची. मला दरवर्षी नेमकं काहीतरी असायचं.

पांढऱ्या साडीत पंगतीला वाढत होती. मलाही वाढली, इतरांइतकीच, एक पळी. नंतर हात धुवायला मागे गेले तिथे गाठली आणि बोलून बसले. शालन, मी मुंजीची ऑर्डर घालवली, खरं सांगितलं त्यांना.

तिने पळी बादलीत टाकली. “मग? आता मी आभार मानू तुजे?”

तू म्हणाली. एवढ्या रागातही तिचं ‘तू’ ऐकून मला बरं वाटलं, वेडीच मी.

“खोटं बोललीस त्याचं मला नाय. धंद्यात मीपण बोलतंय, कालचा माल आजचा म्हणून खपवतंय. पण किती पटकन बोललीस तू, विद्ये! एवढंसं थांबली नायस. अडखळली नायस. म्हंजे ते तुज्या तोंडात तयारच व्हतं. मी तिकडं बावीस वर्षं समजत व्हते, नसंल.”

खरं होतं ते.

“आणि मला घरात घेतलंस, घरात घेतलंस म्हणून सांगत असतेस लोकांना. कुणाच्या घरात गो? तो कारखाना व्हता. अर्धा माजा.”

कोणीतरी हाक मारली, ती आत गेली. मी चपला शोधत राहिले. समोरच होत्या.

१३ मे, मंगळवार

दिवसभर तेच. किती पटकन.

खरंच किती पटकन? मनात तो शनिवार पुन्हा पुन्हा चालवून पाहते. बाईंचा प्रश्न, माझं उत्तर. मध्ये एक श्वाससुद्धा नाही. शोधूनही सापडत नाही.

१९ मे, सोमवार

पावसच्या बाजारात खोकी आणायला गेले. नेहमीच्या दुकानात काउंटरवर नवी आंबापोळी. साधी पिशवी, पांढरं लेबल, वर हाताने लिहून छापलेलं: शालनची आंबापोळी. खाली वाडीचं नाव. वाडीचं नाव तिने ठळक घातलंय, आमच्या लेबलावर गावाचंसुद्धा बारीक अक्षरात आहे.

दुकानदार म्हणाला, “तुमच्याचकडची ना ही शालन? महिनाभर झालं. वाडीतल्या घरांच्या गच्च्यांवर वाळवतात, दर घरी दोन-दोन बायका. माल ठेवला की दोन दिवसांत संपतो.” मी म्हटलं, माझ्याकडची नाही. मी तिच्याकडची होते. त्याला काही कळलं नाही.

एक पाकीट घेतलं. एस.टी. स्टँडवर बसून अर्धं खाल्लं. तीच चव. साखर थोडी कमी, मी नेहमी जास्त घालायला लावायचे, मुंबईच्या गिऱ्हाइकाला गोड लागतं म्हणून. तिचंच बरोबर होतं.

हेवा वाटला का? वाटला. खोटं कशाला लिहू? आनंदही झाला, आणि वाईट तर इतकं वाटलं की गाडी आली तरी उठता येईना. महिन्याभरात तिने एका वाडीतल्या गच्च्यांचा कारखाना केला. यशस्वी उद्योजकाचे गुण शोधत बसलेय मी कागदावर.

२४ मे, शनिवार

यंदा पावसाने घाई केली, सडा भिजला. आमचा हंगाम संपला. धड झालेली आं.पो. एका कपाटात मावली.

मृ. आली दोन दिवसांसाठी. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, भाषणात सांगून टाकणार, नावानिशी. मृ. ने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “आई, शालनमावशीला विचारलंस? त्या दिवशी तिला न विचारता तिच्याबद्दल बोललीस. आता पुन्हा न विचारता बोलणार. फक्त या वेळेला टाळ्या मिळतील.”

कोणाची पोर आहे ही! ह्यांची नक्की नाही.

२७ मे, मंगळवार

सुलभाकडून चिठ्ठी पाठवली होती. भाषणात तुझ्याबद्दल बोलू का? उत्तर तोंडी आलं. “माज्या नावाचं भाषण करू नको.” एवढंच? सुलभा म्हणाली, “एवढंच. आणि म्हणाली, निळी साडी नेसू नको.”

हे सुलभाने मला बरं वाटावं म्हणून पदरचं घातलं असेल का? नाही, साडीचं सुलभाला कुठून माहीत असणार! दहा वेळा विचारलं तिला. शपथ घेतली बिचारीने.

३१ मे, शनिवार

झाला सत्कार. शाल, श्रीफळ, हे एवढं मोठं काचेचं चिन्ह.

जे झालं ते लिहून ठेवते. निवेदिकेने माझा परिचय वाचला. “विद्याताईंनी काळाच्या पुढे पाहत, उपेक्षित समाजातील भगिनींना आपल्या स्वयंपाकघराचे दार उघडले, त्यांना रोजगार व सन्मान दिला.” सभागृहात टाळ्या. मला वाटलं, कोणी लिहिलं हे? आणि आठवलं. मीच. जानेवारीत फॉर्म भरताना, ‘सामाजिक योगदान’ या रकान्यात. माझंच वाक्य, माझ्याच अक्षरात. भागीदाराचा रकानाही होता त्या फॉर्मवर. तिथे मी रेघ मारली होती.

माइकपाशी गेले. मृ. चे मुद्दे पर्समध्येच राहिले. म्हटलं, आत्ता वाचलं ते मी लिहिलंय आणि ते खोटं आहे. मी कोणाला दार उघडलेलं नाही. कारखाना दोघींचा, अर्धा-अर्धा. हातात कसब होतं ते दुसरीच्या. मग सोवळ्याची चौकशी करणाऱ्या एका गिऱ्हाइकासमोर मी तिला भांडी घासणारी बाई म्हटलं. ती गेली. आज तिच्यापाशी बायका आहेत, गिऱ्हाईक आहे, स्वतःचं नाव आहे. तुम्ही विचारलेले सगळे गुण तिच्यात आहेत. माझ्यात एकच आहे, मला गोड बोलता येतं. तिचं नाव सांगायची मला परवानगी नाही.

बोलताना वाटलं होतं, शांतता पसरेल. कोणी उठून जाईल. निदान कुजबुज.

टाळ्या पडल्या. आधीपेक्षा जास्त. पुढच्या रांगेतल्या बाई डोळे टिपत होत्या. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, “चूक कबूल करण्याचा मोठेपणा हाही यशस्वी उद्योजकाचा गुण आहे, तो आज विद्याताईंनी दाखवला.” लगेच यादीत घातला! खाली उतरले तर कॉलेजच्या मुली फोटोला. एकीने विचारलं, “काकू, किती छान मोकळं बोलता तुम्ही, शिकलात कुठे?”

मला ओरडावंसं वाटत होतं की अहो, कोणीतरी मला दोष द्या. कोणी दिला नाही. ज्या लोकांसमोर बोलले त्यांचं माझ्याशी काही बिघडलेलंच नव्हतं. ते कशाला देतील?

येताना गाडीत ह्यांनी शाल घडी करून मांडीवर घेतली. “त्रास झाला ना?” म्हणाले. मी मान हलवली. ह्यांनी माझा हात धरला, बागेच्या वळणापर्यंत.

३ जून, मंगळवार

वाडीतल्या तिघी आल्या, बसल्या नाहीत. पुढच्या हंगामापासून शालनबायकडे जाणार, आधी सांगितलेलं बरं म्हणून आल्या. योग्यच आहे. मी सुपाऱ्या पुढे केल्या. एकीने घेतली, दोघींनी नाही.

ठरवलं. आं.पो. बंद. कोकमाचं आगळ आणि लोणचं बघू. सगळी ताटं शालनला पाठवायची. एकेचाळीस आहेत, दोघींनी मिळून र'गिरीतून हंगामागे थोडीथोडी आणलेली, प्रत्येक वेळी तिने ठोकून पारखून घेतलेली. तिच्या गच्च्यांवर घरातल्या परातींतून चाललंय म्हणे.

मृ. ला फोनवर सांगितलं. “आई, हे पुन्हा दान होतंय.” म्हटलं, दान नाही, तिचीच आहेत. “मग अर्धी पाठव.” म्हटलं, तू मला शिकवू नकोस! आणि फोन ठेवला. मोजायचं कोणाशी? तिच्या हाताशिवाय ती ताटं म्हणजे नुसता पत्रा.

सगळीच पाठवणार. माझा हट्ट.

६ जून, शुक्रवार

सकाळी बाळूच्या टेम्पोत एकेचाळीसही चढवली. मधे गोणपाट घालून, एकावर एक, शालन लावायची तशी. चिठ्ठी लिहायला बसले होते, चार वेळा फाडली. बिनचिठ्ठीचीच पाठवली.

दुपारी टेम्पो परत आला. भरलेला.

म्हटलं, सगळी परत पाठवली. बाळू मागची फळी खाली घेत म्हणाला, “वीस ठेवून घेतली, काकू. वीस परत. तिनं सोता एकेक ठोकून वाटणी केली. चांगली-चांगली घे म्हटलं तर माज्यावर खेकसली. एक तुला, एक मला, असं करून.”

मी टेम्पोतली ताटं मोजली. मग विचारलं, आणि एक?

“ते उरलं. भिंतीला उभं करून ठेवलंय तिनं. म्हणाली, ह्ये कुणाचं ते नंतर बगू.”

नंतर म्हणजे कधी? बाळूला माहीत नाही. चेहरा कसा होता? त्याने पाहिला नाही. हसून म्हणाली की रागाने? “अहो काकू, मी फळी लावत व्हतो!” पण ‘बगू’च म्हणाली ना, ‘बगते’ नाही? वैतागला बिचारा. चहा दिला, गेला.

वीस ताटं पुसून मांडणीवर लावली. अर्धी मांडणी रिकामी. हे म्हणाले, तिथे आगळाच्या बरण्या ठेव. म्हटलं, नको, राहू दे.

पुढच्या चैत्रात वीस ताटांचा थर तरी मला द्यायला यायला हवा. बोटाची पाठ लावायची, गार लागलं तर. मला अजून लागत नाही. विचारायचं तर तिलाच विचारावं लागेल, आणि ती फार तर म्हणेल, नंतर बगू.